क्रिस्टियन कॅम्पबेलला नक्की उभं कुठे करायचंय?

वूस्टरवाली
बेसबॉलवर इथे फारसं कोणी लिहीत नाही हे माहितीये, तरी धागा काढतेय. २०२५ ची वर्ल्ड सिरीज (बेसबॉलची फायनल) संपली, आता मार्चपर्यंत करायचं काय हा प्रश्न आहेच, आणि घरात या विषयावर दोन पार्ट्या पडल्यात.

विषय बोस्टनच्या रेड सॉक्स टीमचा क्रिस्टियन कॅम्पबेल. नाव नवीन असेल त्यांच्यासाठी सांगते. जॉर्जिया टेकचा मुलगा, २०२३ च्या ड्राफ्टला (टीम आळीपाळीने नवीन पोरं निवडतात तो) चौथ्या राउंडमध्ये घेतला, म्हणजे कोणी फार डोक्यावर घेतलेला नव्हता. २०२४ मध्ये एकाच सिझनला ग्रीनव्हिल, पोर्टलंड आणि मग आमचं वूस्टर अशा मायनर लीगच्या (मेजर लीग टीमच्या हाताखालच्या टीम) तीन पायऱ्या चढला. .३३० ॲव्हरेज (हजारात ३३० हिट), २० होमरन, २४ स्टील (धावत पुढचा बेस चोरणं), आणि 'बेसबॉल अमेरिका'चा मायनर लीग प्लेअर ऑफ द इयर. त्या वर्षी तो सेकंड बेस, सेंटर फील्ड, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मध्ये), थर्ड असा सगळीकडे खेळला. मार्च २०२५ ला थेट मेजर लीगमध्ये, ओपनिंग डेला सेकंड बेसवर. एप्रिलमध्ये आठ वर्षांचं सहा कोटी डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट, वर महिन्याचा बेस्ट रूकी (नवा खेळाडू).

आणि मग २ मे ला फर्स्ट बेसमन ट्रिस्टन कसासच्या गुडघ्याचा टेंडन फाटला. टीमचा मोठा बॅटर राफाएल डेव्हर्स, त्याने फर्स्टवर खेळायला साफ नाही म्हटलं. मग या बावीस वर्षांच्या पोराला सांगितलं की तू शिक. मॅचच्या आधी फर्स्ट बेसचा सराव, मॅच सेकंडवर नाहीतर आउटफिल्डमध्ये. जूनमध्ये पोरगा परत वूस्टरला.

माझं म्हणणं, चांगल्या चाललेल्या मुलाची यांनी वाट लावली. नवऱ्याचं म्हणणं, बॅट चालली नाही म्हणून खाली पाठवला, जागेचा काही संबंध नाही. तुम्हाला काय वाटतं?

बंडूनाना
मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही, मुलाकडे डॅलसला येतो तेव्हा टीव्हीवर बघतो. पण एक शंका. नऊ माणसं उभी असतात, सगळ्यांच्या हातात ग्लोव्ह असतो, मग कोण कुठे उभा राहिला याने एवढं काय बिघडतं? आमच्या वेळी गल्लीत ज्याची बॅट तो ठरवायचा.

खडूस_काका
नाना, अमेरिकेतपण ज्याची बॅट तोच ठरवतो. त्याला मालक म्हणतात.

आकडेमोड
नाना, शंका रास्त आहे. जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

बिल जेम्स म्हणून बेसबॉलच्या आकडेवारीचा मोठा माणूस, त्याने या जागांची सोप्याकडून अवघडाकडे अशी एक रांग लावून ठेवलीये. फर्स्ट बेस सगळ्यात सोपी, मग लेफ्ट फील्ड, राइट फील्ड, थर्ड बेस, सेंटर फील्ड, सेकंड बेस आणि शेवटी शॉर्टस्टॉप. कॅचर या रांगेच्या बाहेर, तो वेगळाच प्राणी. आता बहुतेक पोरं हायस्कूलमध्ये शॉर्टस्टॉप असतात कारण टीममधला सगळ्यात चपळ पोरगा तिथेच उभा करतात. म्हणजे ड्राफ्टमध्ये ढिगाने शॉर्टस्टॉप येतात आणि मेजर लीगमध्ये जागा तीस. मग मायनर लीगच्या पायऱ्या चढताना पोरं रांगेत सोप्या बाजूला सरकत जातात. कोणाचा हात कमी पडतो, कोण अंगाने वाढतो, कोणाच्या पुढे वर आधीच एखादा स्टार बसलेला असतो.

पण यात एक मेख आहे. जागा जितकी सोपी तितकी बॅटकडून अपेक्षा जास्त. शॉर्टस्टॉपने .२५० मारलं तरी चालवून घेतात, फर्स्ट बेसवाल्याने तेवढंच मारलं आणि होमरन नसले तर त्याला घरी पाठवतात. म्हणून 'सोप्या जागी टाकला, बरं झालं' असं नसतं, पोराचा बाजारभाव उतरतो. आणि डावखुरा फेकणारा असेल तर सेकंड, थर्ड, शॉर्ट या तीन जागा जवळपास बंदच, कारण फर्स्टकडे फेकायला त्याला अंग पूर्ण वळवावं लागतं आणि तेवढ्यात धावणारा पोचतो.

बंडूनाना
आकडेमोड, छान सांगितलंत. म्हणजे स्लिपमध्ये उभा राहणारा आणि सीमारेषेवरचा यात फरक असतो तसं.

खडूस_काका
चला, क्रिकेट आलं. मी वाटच बघत होतो.

गोलंदाज_रिटायर्ड
आलंच आहे तर नीट येऊ दे. द्रविड! २००३ च्या वर्ल्डकपला किपिंग कोणी केलं? जन्मभर स्लिपमध्ये उभ्या राहिलेल्या माणसाला ग्लोव्ह घालायला लावले, कारण टीमला एक बॅट्समन जास्त खेळवायचा होता. ७३ वनडेत किपिंग केलीये त्याने. आणि बॅटिंग बिघडली का? नाही. त्यामुळे धागाकर्तीच्या मिस्टरांना माझं +१. जो खेळाडू असतो तो कुठेही खेळतो.

वूस्टरवाली
अहो पण द्रविड तेव्हा तिशीतला, कसलेला माणूस. हा पोरगा पहिल्या महिन्यात होता मेजर लीगमध्ये. आणि ह्यांना +१ देऊ नका, प्रिंट काढून फ्रीजवर लावतील.

फेनवे_फणस
मूकी बेट्सचं नाव अजून कसं आलं नाही? रेड सॉक्समध्ये जागा बदलायची चर्चा आणि बेट्स नाही?

मी २०१४ ला मेनमधल्या पोर्टलंडला नोकरीला होतो. तिथे हॅडलॉक फील्डवर सी डॉग्ज, म्हणजे रेड सॉक्सची डबल ए (मायनर लीगची वरून दुसरी पायरी) टीम. लेफ्ट फील्डला फेनवेच्या (रेड सॉक्सच्या मैदानाच्या) ग्रीन मॉन्स्टर भिंतीची नक्कल, तिला मेन मॉन्स्टर म्हणतात. संध्याकाळी ऑफिस सुटलं की जायचं, 'सी डॉग बिस्किट' खायचं (दोन चॉकलेट चिप कुकीज आणि मध्ये व्हॅनिला आइस्क्रीम) आणि मॅच बघायची. तेव्हा मला बेसबॉल कळायला लागून फार दिवस झाले नव्हते, पण सेकंड बेसवरचा तो पाच फूट नऊ इंचाचा पोरगा वेगळा आहे हे माझ्यासारख्यालाही कळत होतं.

त्याची गोष्ट बघा. नॅशव्हिलचा, २०११ ला पाचव्या राउंडमध्ये घेतलेला, शॉर्टस्टॉप म्हणून. २०१२ ला लोवेलला पूर्ण सिझन खेळला आणि होमरन किती? शून्य. ७१ मॅचमध्ये शून्य. आणि तोवर सेकंड बेसवर सरकवलेला. २०१३ ला ग्रीनव्हिल आणि सेलममध्ये मिळून .३१४, १५ होमरन, ३८ स्टील. पोरगा तयार झाला. पण त्याच जुलैमध्ये रेड सॉक्सने सेकंड बेसवरच्या डस्टिन पेड्रोयाला आठ वर्षांचं ११ कोटींचं कॉन्ट्रॅक्ट दिलं, २०२१ पर्यंत! म्हणजे याने जायचं कुठे? २०१४ च्या मे मध्ये पोर्टलंडलाच त्याला सेंटर फील्डमध्ये उभा केला. त्या सिझनला पोर्टलंडला त्याने .३५५ मारलं, म्हणजे बॅटमध्ये काही खोट नव्हती. वर जागा रिकामी नव्हती एवढंच. आणि २९ जूनला न्यूयॉर्कमध्ये यँकी स्टेडियमवर मेजर लीगची पहिली मॅच, राइट फील्डमध्ये.

पुढचं सगळ्यांना माहितीये. राइट फील्डमध्ये सहा गोल्ड ग्लोव्ह (उत्तम फिल्डिंगचं बक्षीस), २०१८ ला एमव्हीपी (वर्षातला सर्वोत्तम खेळाडू). डॉजर्सकडे गेल्यावर परत सेकंड, परत शॉर्ट. आणि आत्ता १ नोव्हेंबरला टोरंटोत सातव्या मॅचचा अकराव्या इनिंगमधला शेवटचा डबल प्ले (एकाच बॉलवर दोघं आउट) आठवा. बॅट तुटली, बॉल शॉर्टकडे, बेट्सने घेतला, स्वतःच सेकंडवर पाय ठेवला आणि फर्स्टला फ्रीमनकडे फेकला. तेहतीस वर्षांचा माणूस, सहा गोल्ड ग्लोव्ह राइट फील्डचे, आणि वर्ल्ड सिरीज संपवतो शॉर्टस्टॉपवरून.

गोलंदाज_रिटायर्ड
बघा! द्रविड.

बोस्टनकर_चिन्मय
हा बेट्स वर टेनपिन बोलिंगमध्येपण परफेक्ट ३०० मारतो. अशा माणसाची उदाहरणं देऊन बाकीच्यांना कशाला लाजवता.

आकडेमोड
फणस, सुंदर प्रतिसाद. पण बेट्सचं उदाहरण कॅम्पबेलच्या बाजूने जातं की विरोधात? बेट्सला जागा बदलायला सांगितली डबल ए मध्ये, जिथे चूक झाली तर दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षातही राहत नाही. कॅम्पबेलला सांगितली मेजर लीगमध्ये, ऐन सिझनला. माझ्या मते कुठे सरकवला यापेक्षा कधी सरकवला हे महत्त्वाचं.

खडूस_काका
आकडेमोड, तुमचेच आकडे तुमच्यावर उलटवतो. मे मध्ये आउटफिल्ड बघितलं आणि जूनच्या शेवटी यँकी स्टेडियम. किती वेळ मिळाला? दीड महिना! बेट्सला 'निवांत वेळ मिळाला' ही गोड दंतकथा आहे.

आणि अजून एक घ्या. सॅन डिएगो पाद्रेसचा जॅक्सन मेरिल. मायनर्समध्ये शॉर्टस्टॉप. सोटो आणि ग्रिशम यँकीजला गेले, सेंटर फील्ड ओस पडलं, म्हणून २०२४ च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये याला म्हणाले जा उभा राहा. वय वीस. कोरियात सोलला ओपनिंग मॅच सेंटर फील्डमध्ये खेळला आणि वर्षअखेर .२९२, २४ होमरन, रूकी ऑफ द इयरला पिचर पॉल स्कीन्सच्या मागे दुसरा. त्याला कोणी डबल ए मध्ये लाडाने शिकवलं नव्हतं.

कॅम्पबेल फर्स्टवर पहिली मॅच खेळला ती मे च्या अगदी शेवटी. बॅट त्याच्या आधीच थंडावली होती. एप्रिलभर पिचर त्याला ओळखत नव्हते, मे मध्ये ओळखायला लागले. मेजर लीगमध्ये दर नवीन पोराचं हे होतं. जागेवर खापर फोडणं सोपं आहे.

वूस्टरवाली
काका, मॅच मे च्या शेवटी असेल, पण सराव महिनाभर आधीपासून चालू होता ना. आणि मेरिलला एक जागा दिली होती, ही तुझी, रोज इथेच. कॅम्पबेलला आज सेकंड, उद्या लेफ्ट, दुपारी फर्स्टचा सराव.

न्यूजर्सीची_आई
अवांतर होईल पण राहवत नाही. माझा मुलगा अकरा वर्षांचा, ट्रॅव्हल बॉल खेळतो. दोन वर्षं शॉर्टस्टॉप होता. यंदा नवीन कोच आला, आणि माझा मुलगा राइट फील्डमध्ये. शॉर्टस्टॉपवर कोण, तर कोचचा मुलगा. त्या वयात राइट फील्डला बॉल येतच नाही हो, पोरगं गवतात बसून फुलं तोडतं. वर कोच म्हणतो की 'मूकी बेट्सपण राइट फील्डरच होता'. फी भरताना मात्र आपण सगळे शॉर्टस्टॉप.

बोस्टनकर_चिन्मय
हाहाहा. ताई, कोचच्या मुलाचा बाजारभाव कधी उतरत नाही.

पिट्सबर्गचा_पक्या
डेव्हर्सवर कोणी बोलत का नाहीये? खरा घोळ तिथे आहे. तो थर्ड बेसवर होता, दहा वर्षांचं ३१ कोटींहून जास्तीचं कॉन्ट्रॅक्ट. फेब्रुवारीत ॲलेक्स ब्रेगमन या दुसऱ्या थर्ड बेसमनला आणला आणि याला सांगितलं तू आता फक्त बॅटिंग कर, ग्लोव्ह ठेवून दे. कुरकुर करत का होईना तो तयार झाला. मे मध्ये परत म्हणतात ग्लोव्ह घे आणि फर्स्टवर जा. तो म्हणाला नाही जाणार. मालक विमानाने कॅन्सस सिटीला गेला समजूत काढायला. तरी नाही. १५ जूनला यँकीजना सलग तीन मॅच हरवल्या त्याच दिवशी त्याला सॅन फ्रान्सिस्कोला ट्रेड केला. आणि गंमत म्हणजे जुलैत तिकडे गुमान फर्स्ट बेसवर खेळायला लागला!

न्यूजर्सीची_आई
माहेरी चहाचा कप उचलायचा नाही आणि सासरी गेल्यावर पुरणपोळ्या.

फेनवे_फणस
ताई __/\__

आकडेमोड
पक्याशी सहमत. मोठ्याने नाही म्हटलं म्हणून लहानावर आलं. डेव्हर्सचं कॉन्ट्रॅक्ट २०३३ पर्यंतचं, तो नाही म्हणू शकतो. पहिल्या वर्षातल्या पोराने नाही म्हटलं तर 'ॲटिट्यूड आहे' हा शिक्का कायमचा. त्यामुळे तो विचारलं की हो म्हणणार, त्याच्या 'मी कुठेही खेळायला तयार आहे' याला फार अर्थ नाही.

मैदानताई
बेसबॉल नाही पण सॉफ्टबॉलबद्दल लिहू शकते. मी जळगाव जिल्ह्यात शाळेत पीटी शिकवते, युनिव्हर्सिटीकडून खेळलेली आहे, आमच्या भागात मुली सॉफ्टबॉल भरपूर खेळतात. बंडूनाना तुम्ही विचारलंत ना, कोण कुठे उभं राहिलं याने काय बिघडतं, आणि वर आकडेमोड यांनी फर्स्ट बेस सगळ्यात सोपी म्हटलंय. बाहेरून बघताना सोपी. दरवर्षी एखादी शॉर्टस्टॉपची मुलगी फर्स्टवर टाकावी लागते आणि दरवर्षी तेच होतं.

ती बॅगवर पाय ठेवते आणि थ्रो यायच्या आधीच लांब पसरते, टीव्हीवर बघितलेलं असतं ना तसं. मग थ्रो दुसऱ्या बाजूला आला की अडकली, वळता येत नाही. थ्रो कुठे येतोय हे दिसल्याशिवाय पाय ताणायचा नाही, तोवर दोन्ही पाय मोकळे, हे शिकायलाच महिना जातो. दुसरं, पाय बॅगच्या कडेला लागला पाहिजे, मध्यावर ठेवला तर धावत येणारी मुलगी घोट्यावर पाय देते. आमच्याकडे निदान केशरी जोड बेस असतो, धावणारीने त्याच्यावर पाय द्यायचा. मेजर लीगमध्ये तो नसतो, एकच बॅग दोघांत. आणि तिसरं म्हणजे पायापुढे अर्ध्या फुटावर टप्पा पडून येणारा बॉल. शॉर्टस्टॉपला सवय असते पुढे धावून बॉलवर जायची. फर्स्टला पाय बांधलेला, पुढे जायचं नाही, हात पुढे काढून टप्प्यातच उचलायचा. डोक्याला माहीत असतं पण पाय ऐकत नाहीत.

आता धागाकर्तीचा प्रश्न. मुलगी नवीन जागा शिकत असते तेव्हा तिची बॅटिंग बिघडते का? माझ्या अनुभवात हो, काही आठवडे नक्की. थकण्यामुळे नाही, डोकं तिकडे असतं म्हणून. बॅटिंगला उभी आहे आणि मागच्या इनिंगचा सुटलेला बॉल डोक्यात. पण कायमची बिघडलेली मी बघितली नाही.

वूस्टरवाली
मैदानताई, किती छान लिहिलंत! उन्हाळ्यात पोलर पार्कला (वूस्टरच्या टीमचं मैदान) आम्ही गेट उघडल्या उघडल्या जातो (मुलाला स्मायली बॉल मॅस्कॉटबरोबर फोटो हवा असतो, पिवळा स्मायली जन्मला तो वूस्टरलाच), तेव्हा अगदी हेच बघितलंय. फर्स्ट बेसजवळ गुडघ्यावर बसवतात, कोच दहा-पंधरा फुटांवरून मुद्दाम पायापुढे टप्पा टाकतो, धप्प धप्प धप्प, एकामागून एक. बॉल उचलला गेला तर कोणी काही बोलत नाही, सुटला तर कोच नुसता पुढचा बॉल हातात घेऊन थांबतो. मला वाटायचं एवढ्या मोठ्या खेळाडूंना हे लहान मुलांसारखं काय करायला लावतात.

खडूस_काका
मैदानताई, 'काही आठवडे' हे मान्य. मग मी म्हणतो तेच झालं ना, काही आठवडे! जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर वूस्टरला होता, रेड सॉक्स प्लेऑफला गेले तरी त्याला वर बोलावलं नाही. तेव्हा तर डोकं मोकळं होतं.

मैदानताई
काका, मोकळं कसं? तिथेही फर्स्ट आणि आउटफिल्ड दोन्ही चालूच होतं ना. एक जागा पक्की झाली की मोकळं होतं.

गोलंदाज_रिटायर्ड
विकेट गेली काकांची.

दादरचा_दिलीप
उशिरा आलो. जागा बदलून पार वेगळंच काहीतरी झालेल्यांची गोष्ट सांगतो, ती मला जास्त आवडते. टिम वेकफिल्ड. पायरेट्सने १९८८ ला घेतला तो फर्स्ट बेसमन म्हणून. बॅट काही चालेना. सांगितलं की बॅटिंगवर डबल ए च्या वर जाणार नाहीस. तर हा माणूस नकलबॉल (न फिरता हेलकावत जाणारा बॉल) टाकायला लागला, पिचर झाला, आणि २०० मॅच जिंकून रिटायर झाला, त्यातल्या बहुतेक रेड सॉक्ससाठी. २०२३ ला गेला बिचारा. दुसरा केनली जॅन्सन, डॉजर्सच्या मायनर्समध्ये कॅचर, बॅट शून्य पण हात तोफेसारखा. २००९ ला म्हणाले पिचर होऊन फेकून बघ. पुढच्या वर्षी मेजर लीगमध्ये.

आणि मिकी मँटल! १९५० ला जॉप्लिनला शॉर्टस्टॉप होता, सिझनला पन्नासच्या वर चुका. पुढच्या वर्षी यँकीजने आउटफिल्डमध्ये हलवला. प्रेक्षकांचे जीव वाचले.

पिट्सबर्गचा_पक्या
पायरेट्सचं नाव निघालंच आहे तर आपले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल विसरू नका. दोघे यूपीचे, भालाफेकवाले, बेसबॉल कधी हातात धरलेला नाही. २००८ मध्ये भारतात जोरात बॉल फेकायची स्पर्धा झाली, त्यातून निवडले, अमेरिकेत आणून शिकवलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पायरेट्सने साइन केलं. दिनेश २०१० नंतर परत गेला. रिंकू डावखुरा, तो वेस्ट व्हर्जिनियात सिंगल ए पर्यंत चढला, मग दुखापती. पुढे कुस्तीच्या रिंगणात गेला. म्हणजे भाल्यावरून पिचिंग आणि पिचिंगवरून डब्ल्यूडब्ल्यूई. जागा बदलणं म्हणतात ते हे.

बंडूनाना
या खालच्या लीगमधल्या पोरांना पगार तरी मिळतो का?

पिट्सबर्गचा_पक्या
नाना, २०२३ पर्यंत नावालाच. लो ए ला (मायनर लीगची खालची पायरी) वर्षाला अकरा हजार डॉलर. चौघं-पाचजण एका खोलीत, जमिनीवर गाद्या. मग युनियन झाली, २०२३ ला लो ए ला साधारण २६ हजार आणि ट्रिपल ए ला (सगळ्यात वरची पायरी) ३५ हजार ८०० झाले. २०२२ पासून राहायची सोयही टीमने करायची. टीम मात्र कमी झाल्या, १६० च्या १२० केल्या २०२१ मध्ये. फणसने वर ज्या लोवेलचं नाव घेतलं ना, ती टीम पण गेली त्यात.

फेनवे_फणस
हो, स्पिनर्स गेली. आणि पॉटकेटची टीम उठून वूस्टरला आली, त्यात धागाकर्तीचा फायदा झाला. ऱ्होड आयलंडवाले अजून शिव्या देतात.

वूस्टरवाली
शिव्या देऊ देत, पार्किंग आमच्याकडेही मिळत नाही.

बोस्टनकर_चिन्मय
मूळ मुद्द्यावर येऊ का? पुढच्या वर्षी, २०२६ ला, कॅम्पबेल कुठे? आउटफिल्ड म्हणाल तर रोमन अँथनी, डुरान, अब्रेऊ, रफाएला, चौघं आधीच रांगेत. सेकंडला मार्सेलो मेयर येऊ शकतो, तोही मूळचा शॉर्टस्टॉप, यंदा त्याला थर्डवर टाकला होता. फर्स्टला कसास परत आला तर तो. म्हणजे सहा कोटींचा माणूस आणि खुर्ची नाही.

आकडेमोड
माझं मत, एप्रिलमध्ये वूस्टरला ठेवा, लेफ्ट फील्ड द्या, आणि कोणी जखमी झालं तरी दोन महिने हलवू नका. सहा फूट तीन इंच उंची, पळतो चांगला, कॉलेजातून आला तेव्हापासून सेकंड बेसवरच्या हातांबद्दल शंका आहेच. डबल प्लेच्या वेळी पाठीमागून धावणारा येत असताना वळून फेकणं ही सेकंडची खरी परीक्षा, तिथे तो अजून कच्चा वाटतो. आउटफिल्डमध्ये त्याच्या पायांचा उपयोग होईल.

खडूस_काका
लेफ्ट फील्डला नेलात की तुमच्याच रांगेप्रमाणे बॅटकडून अपेक्षा वाढली. फिरून तिथेच आलो. बॅट चालली तर त्याला डगआउटच्या छपरावरही उभा करतील. नाही चालली तर आठ वर्षं वूस्टरमध्ये सहा कोटींचा सेल्ट्झर (सोडा) पीत बसेल.

वूस्टरवाली
काका, बॅट चालायला डोकं शांत लागतं, आणि डोकं शांत राहायला उद्या कुठे उभं राहायचंय हे माहीत लागतं. मैदानताईंनी हेच सांगितलं. आकडेमोड यांची आयडिया मला पटली, फक्त लेफ्टऐवजी मी सेकंडच देईन, शंका आहेत तर दोन महिने तिथेच खेळवून फेडून घ्या की. २०२४ ला सगळीकडे खेळून .३३० मारलं हे मलाही माहितीये, पण ते मायनर्समध्ये, तिथे रोजची मॅच हरली तर पेपरात येत नाही.

न्यूजर्सीची_आई
आणि सेकंडवर कोचचा मुलगा असेल तर?

मैदानताई
तर त्याला कॅचर करा. ग्लोव्ह, मास्क, पॅड सगळं चढवून जूनच्या उन्हात बसवलं की बाप आपणहून दुसरी जागा शोधतो. करून बघितलंय.

बंडूनाना
एप्रिलमध्ये मी डॅलसहून बोस्टनला पुतणीकडे येणार आहे. वूस्टरला मॅच बघायला थंडी कितपत असते?

वूस्टरवाली
नाना, कानटोपी, जॅकेट आणि मांडीवर घ्यायला गोधडी आणा. फर्स्ट बेसच्या बाजूची तिकिटं काढते, या पुतणीला घेऊन.

खडूस_काका
लेफ्टच्या बाजूची काढा, नाना. सेकंडवर काही दिसणार नाहीये तुम्हाला.